चाळीत प्रथमोपचाराची पेटी ठेवायचीय, पण पेटीआधी काय शिकायचं?

लालबागकर

नमस्कार मंडळी. आमची चाळ लालबागला. तळमजला अधिक ३, एकूण ६४ खोल्या, लिफ्ट नाही. जिना लाकडी आणि एवढा अरुंद की समोरून कुणी आलं तर एकाने भिंतीला चिकटून उभं राहायचं. हे आधी सांगतोय, कारण उत्तर देताना हा जिना डोळ्यासमोर असू द्या.

गेल्या संकष्टीला आई मोदक उकडत होती. मोदकपात्राचं झाकण तिने स्वतःच्या बाजूने उचललं आणि सगळी वाफ उजव्या हातावर आली, मनगटापासून कोपरापर्यंत. दचकून हात मागे घेताना पात्र कलंडलं, खालचं उकळतं पाणीही त्याच हातावर. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. मी नुकताच कामावरून येऊन बूट काढत होतो.

पुढच्या ५ मिनिटांत आमच्या खोलीत पंधरा-एक माणसं जमली. सगळी मदतीलाच आली होती, त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. बाजूच्या काकूंनी टूथपेस्ट आणून अर्धी ट्यूब हातावर पिळली. समोरच्या आजींनी त्यावर हळद टाकली. कुणी रुमालात बर्फ घेऊन आलं. आमच्याकडे पाणी पहाटेच येतं, त्यामुळे नळ कोरडा होता. पण मोरीत पिंप भरलेलं होतं, माझ्यापासून चार पावलांवर. ते कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

हॉस्पिटलात ड्रेसिंग करणाऱ्या ब्रदरने ती वाळलेली पेस्ट ओल्या गॉझने कण कण करून काढली. आईने ओठ दातांखाली धरला होता, तोंडातून आवाज नाही. तोवर हात सुजून पाटल्या मनगटात रुतल्या होत्या. आजीने लग्नात तिच्या हातात घातलेल्या दोन पाटल्या. कापाव्या लागल्या. कटरचं पातं सोन्यावर फिरायला लागलं तेव्हा मात्र ती रडली.

आता बरी आहे. खपली गेलीय, खालची कातडी गुलाबी आलीय, मूठ वळते.

परवा चाळ कमिटीच्या बैठकीत पेटी घ्यायचं ठरलं, ५ हजार रुपये मंजूर झाले आणि काम माझ्याकडे आलं. पेटीत काय ठेवायचं ते विचारायचं आहेच. पण पेटी असती तरी त्या दिवशी आम्ही हेच केलं असतं, हे मला कळतंय. दुसऱ्या मजल्यावर एका मुलाला आकडी येते, लोक त्याला चप्पल हुंगवतात. तिसऱ्या मजल्यावर तिघांना हृदयाचा त्रास आहे. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना बाईक लावलेल्या, ॲम्ब्युलन्स नाक्यावरच थांबते. आधी काय शिकायचं आणि कसं शिकवायचं, अनुभव असलेल्यांनी सांगा.

दादरची मेघना

मोठ्या केमिस्टकडे तयार पेटी मिळते, आत सगळं असतं. आमच्या सोसायटीने तीच घेतली. आईंना लवकर पूर्ण आराम पडो.

साचेवाला

नातू टाइप करून देतोय. मी १४ वर्षं गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात होतो, १९८२ च्या संपापर्यंत. तिथे मागावर धागा नेणारं शटल उडालं तर गोळीसारखं यायचं. डोळा, कपाळ, जिथे लागेल तिथे. पट्ट्यात बोट जायचं ते वेगळंच.

प्रत्येक खात्यात भिंतीवर पेटी असायची. तेव्हाचा १९४८ चा फॅक्टरी कायदाच तसा होता, कलम ४५. दर १५० कामगारांमागे निदान एक पेटी. पण त्याच कलमात पुढे काय म्हटलं होतं ते महत्त्वाचं. प्रत्येक पेटी प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट असलेल्या एका माणसाच्या ताब्यात पाहिजे, आणि कामाच्या वेळेत तो माणूस हाताशी पाहिजे. शिवाय पेटीत ठरवून दिलेल्या वस्तूंखेरीज दुसरं काही ठेवायचं नाही. आमच्या खात्यात तो माणूस एक जॉबर, म्हणजे मुकादम होता. कुणाला लागलं की आधी पेटीकडे कोण पळत नसे, त्याला हाक मारत.

तुमच्या चाळीत मजल्यामागे दोन माणसं नेमा. एक दिवसा घरी असणारी बाई, एक रात्री घरी असणारा माणूस. पेटी नंतर आणलीत तरी चालेल.

भांडुपची सिस्टर

लालबागकर, माझ्या मुलाच्या वयाचा दिसतोस म्हणून अरे-तुरे करते. म्युनिसिपल हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत मी ३१ वर्षं काढली. तुझ्या आईसारखे हात किती पाहिले त्याची मोजदाद नाही. टूथपेस्ट, हळद, शाई, तूप, बटाट्याचा कीस. लावणारी माणसं मायेचीच असतात, म्हणून तर त्यांना ओरडताही येत नाही. पण ते खरवडून काढताना पेशंटचा जीव जातो, आणि खाली कातडी कितपत जळलीय ते डॉक्टरला दिसतच नाही.

गॅस बंद केल्यावरही कुकरमधला भात काही वेळ शिजत राहतो ना? भाजलेली कातडी तशीच आतून शिजत राहते. ते थांबवायला पाणी लागतं, साधं, वाहतं, पिण्याच्या पाण्याइतकं गार. २० मिनिटं. घड्याळ लावून २०, कारण माणसं ३ मिनिटांतच "आता बरं वाटतंय" म्हणून हात काढून घेतात. नळ कोरडा असला तर मोरीत पाटावर बसवा, हाताखाली टब ठेवा आणि पिंपातलं पाणी तांब्याने ओतत राहा. धार बारीक पण सलग. दोन-तीन बादल्या लागतील. पाणी तितकं नसेल तर भरल्या बादलीत हात बुडवून ठेवा, कोमट झालं की पाणी बदला. गडबडीत राहून गेलं असेल तर ३ तासांच्या आत कधीही केलं तरी उपयोग होतो. बर्फ नको, त्याने तिथला रक्तपुरवठा आटतो आणि कातडी आणखी मरते. लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर भाजलेला भाग गार करा, बाकीच्या अंगावर पांघरूण घाला, नाहीतर ते कुडकुडायला लागतं.

आणि पाटल्या. पाणी सुरू असतानाच दुसऱ्या माणसाने बांगड्या, अंगठी, घड्याळ उतरवायचं. पहिल्या काही मिनिटांत साबणाच्या फेसावर निघतं, मग सूज चढते. बाईच्या हातातली बांगडी काढायला लोक कचरतात, अशुभ वाटतं. मी सरळ सांगायचे, आई, आत्ता उतरवली तर उद्या परत घालता येईल. काढायला द्यायच्या.

त्यानंतर घरात धुतलेला सुती पंचा सैल गुंडाळा आणि निघा. कापड कातडीला चिकटलं असेल तर ओढू नका, भोवतीनं कापा. फोड फोडायचा नाही. पेशंटच्या तळहाताएवढ्या भागापेक्षा जास्त भाजलं असेल, किंवा चेहरा, हाताचा पंजा, पाऊल, सांधा, जांघ असेल, किंवा विजेने भाजलं असेल तर घरी बसायचंच नाही.

रक्ताचं सांगते. इथे सगळे एकच चूक करतात, उचलून बघतात. विळीवर हात कापला, कापड दाबलं, आणि दर अर्ध्या मिनिटाला "थांबलं का?" म्हणून कापड वर. जखमेवर रक्ताची जी साय धरायला लागलेली असते ती त्या कापडाबरोबर निघून येते आणि पुन्हा पहिल्यापासून. स्वच्छ कापडाची घट्ट घडी ठेवायची, वर तळहात ठेवून सगळं वजन द्यायचं आणि १० मिनिटं बघायचं नाही. कापड भिजलं तर त्याच्यावरच दुसरं ठेवायचं, पहिलं हलवायचं नाही. १० मिनिटं फार लांब असतात बाळा. नव्या मुली ट्रेनिंगला यायच्या तेव्हा मी त्यांना भिंतीवरच्या घड्याळासमोर उभं करून एकमेकींचा हात दाबायला लावायचे. चौथ्या मिनिटाला बोटं थरथरतात. ते एकदा अनुभवलं की खरी वेळ आल्यावर माणूस सोडत नाही. जखमेत कॉफी पावडर किंवा हळद भरू नका. काच किंवा सळी घुसलेली असेल तर उपटू नका, दोन्ही बाजूंनी कापड दाबून तशीच घेऊन या. हातापायातून रक्त उसळून येतंय आणि सगळं वजन दिलं तरी थांबत नाही, तेव्हाच जखमेच्या वर चार बोटांवर रुंद पट्टी आवळायची आणि किती वाजता आवळली ते लिहायचं.

आकडीच्या मुलाचं. त्याच्या आईवडिलांना विचारून सगळ्या मजल्यावर सांग. चप्पल नको, कांदा नको, हातात किल्ल्या नकोत, दातांत चमचा तर मुळीच नको. चमच्याने दात मोडतात. हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, आजूबाजूचं स्टूल, बादली, स्टोव्ह दूर करा, घड्याळ बघा. झटके ओसरले की कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल. शुद्धीवर येईपर्यंत पाणीसुद्धा पाजायचं नाही. ५ मिनिटांच्या वर गेलं, किंवा शुद्धीवर न येताच पुन्हा आली, तर ॲम्ब्युलन्सला फोन, १०८. एवढंच. तो मुलगा शुद्धीवर येतो तेव्हा भोवती पन्नास माणसं असतात आणि त्याची चड्डी ओली असते. एक चादर त्याच्या अंगावर टाका आणि लोकांना पांगवा. हाही उपचारच समज.

हृदयाचं उद्या लिहिते, आज हात दुखला.

लेडीज डबा, बदलापूर

सिस्टर म्हणतात त्यात ट्रेनमधला एक अनुभव जोडते. नवरात्र होतं, सकाळची फास्ट, उभं राहायला जागा नाही. ठाण्याच्या आधी एक मुलगी घामाने भिजली, हात थरथरायला लागले, बोलणं अडखळायला लागलं. बायका म्हणाल्या उपासाची चक्कर आहे, वारा द्या. तिच्या मैत्रिणीने सांगितलं, हिला मधुमेह आहे, इन्सुलिन घेते.

एकीच्या डब्यात शिरा होता तो ती भरवायला निघाली. माझ्या वडिलांमुळे मला माहीत होतं की तुपातली साखर अंगाला लागायला वेळ घेते. चॉकलेटचंही तसंच. नुसती साखर पाहिजे, ३ चमचे, म्हणजे १५ ग्रॅम. कुणाकडे तरी ग्लुकोजची पुडी निघाली, पाण्यात ढवळून पाजली. १५ मिनिटं थांबायचं, फरक नसला तर पुन्हा तेवढीच. मुलुंड गेलं, भांडुप गेलं, आणि तिने स्वतःहून विचारलं, "घाटकोपर आलं का?" मग केळं खायला दिलं. लक्षात ठेवायचं ते हे, की माणूस गिळू शकतोय तोपर्यंतच तोंडात द्यायचं. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर घातली तर ती फुप्फुसात जाते.

त्या दिवशी दोघी साखळी ओढायला धावल्या होत्या. दोन स्टेशनांच्या मधे गाडी थांबवून काही मिळत नाही. पुढच्या स्टेशनात स्ट्रेचर आहे, हमाल आहे, स्टेशन मास्तर आहे. रेल्वेच्या हेल्पलाइनला, १३९ ला फोन करून डबा आणि पुढचं स्टेशन सांगा.

अजून एक, कारण आपल्याकडे "पोलिसांच्या भानगडीत कोण पडणार" म्हणून माणूस रस्त्यावर पडून राहतो. ३० मार्च २०१६ ला सुप्रीम कोर्टाने अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यांसाठीच्या संरक्षणाच्या नियमांवर शिक्कामोर्तब केलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यातच कलम १३४अ आलं. जखमीला हॉस्पिटलात सोडून तुम्ही निघून जाऊ शकता. नाव सांगायची सक्ती नाही, पैसे भरायची नाही. आणि जखमीवर आधी उपचार, कागद नंतर, हे तर सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच सांगितलंय, सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांना. माझी बहीण कोर्टात क्लार्क आहे, तिने हे मला पाठ करून घेतलंय.

मंडळाचा कार्यकर्ता, गिरगाव

तुमचा गणपती आमच्या चौपाटीवरच येतो म्हणून सांगतो. २०१३ च्या विसर्जनात कितीतरी जणांना पाण्यात पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, लागला होता. घोट्याला काटा मारतो आणि गडी माणूस ओरडायला लागतो. तेव्हा आम्ही सगळे पायावर बर्फ चोळत होतो, ते उलटं होतं. पाय सोसेल तेवढ्या गरम पाण्यात अर्धा-पाऊण तास बुडवून ठेवायचा, विष उष्णतेने निकामी होतं आणि कळ उतरते. पाणी किती गरम आहे ते चांगल्या हाताने बघायचं, दुखऱ्या पायाला अंदाज येत नाही. काटा खोल असेल तर ओढायचा नाही. आता आम्ही तराफ्यावर थर्मास ठेवतो आणि पाण्यात उतरणाऱ्या पोरांना गमबूट. जेलीफिश लागली तर चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं.

लालबागकर

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुमचं उत्तर काल रात्री मोठ्याने वाचलं, आई ऐकत होती. बांगडीचं ऐकून म्हणाली, तेव्हा कुणी असं सांगितलं असतं तर मी दिल्या असत्या काढून.

आजोबांचं म्हणणं कमिटीला पटलं, आठ माणसं नेमली. पण सेक्रेटरी म्हणतात पेटीला कुलूप पाहिजे, नाहीतर पोरं बँडेज खेळायला नेतील. किल्ली त्यांच्याकडे राहील.

भांडुपची सिस्टर

कुलूप नको. सेक्रेटरी लग्नाला गेले तर? दोन बँडेज पोरांनी नेली तर नेली, महिन्याच्या १ तारखेला मोजून भरा. तेव्हाच औषधांच्या तारखाही बघा.

पेटी लहान ठेव. निर्जंतुक गॉझची पाकिटं भरपूर, ४ आणि ६ इंची रोलर बँडेज, चिकटपट्टी, बोथट टोकाची कात्री, हातमोजे, टॉर्च, ग्लुकोज, ओआरएसच्या पुड्या, ॲस्पिरिन. जुनी सुती साडी धुऊन, इस्त्री करून त्रिकोणी तुकडे काढ, हात गळ्यात बांधायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. मलमं नकोत. मलम असलं की लोक ते भाजल्यावर लावतात.

आता हृदय. "गॅस झालाय" हे शब्द ऐकले की माझ्या पोटात अजून गोळा येतो. सोडा पाजून झोपवलेली माणसं सकाळी आमच्याकडे यायची आणि आम्ही फक्त वेळ लिहायचो. छातीवर कुणी बसल्यासारखं दडपण, डावा हात, जबडा किंवा पाठ भरून येणं, थंड घाम. बायकांना आणि मधुमेह असलेल्यांना कधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, मळमळतं, गळून जायला होतं. अशा माणसाला तुझा जिना चालत उतरवायचा नाही. एक पायरीसुद्धा नाही. भिंतीला टेकून बसव, १०८ ला फोन. फुकट आहे, गाडीत डॉक्टर असतो. ॲलर्जी नसेल, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ॲस्पिरिन ३०० मिलिग्रॅम चावून खायला दे. खाली न्यायला हात नसलेली मजबूत लाकडी खुर्ची एक ठरवून ठेव. माणूस चादरीने खुर्चीला बांधायचा, एकाने पाठ धरायची, एकाने पुढचे पाय, तिसरा खालून पायऱ्या सांगणार. हे रिकाम्या खुर्चीने, मग एखाद्या धडधाकट पोराला बसवून करून बघा. जिन्यातले चपलांचे स्टँड आणि कुंड्या आजच हलव. एक मुलगा फोन झाल्याबरोबर नाक्यावर पळाला पाहिजे, गाडीला वाट दाखवायला आणि बाईक सरकवायला. उंचावरून पडलेल्या गोविंदाला मात्र खुर्ची नाही, हलवायचंच नाही. डोकं दोन्ही हातांनी आहे तसं धरून बसायचं आणि स्ट्रेचरची वाट बघायची.

तोंड वाकडं झालं, एक हात खाली पडतोय, जीभ जड झाली, तर ते वेगळं. तो मेंदूचा झटका. तिथे ॲस्पिरिन नाही, पाणी नाही. माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लिही. गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून सीटी असलेल्या हॉस्पिटलातच न्यायचं.

हाक मारली, खांदे हलवले, ओ नाही, आणि श्वास नाही. किंवा पाण्याबाहेर काढलेल्या माशासारखा मधूनच आ वासतोय. त्याला श्वास समजायचं नाही, त्यात फसून पहिली मिनिटं जातात. पलंगावरून खाली जमिनीवर घे. छातीच्या मधल्या हाडावर तळहाताची टाच, वर दुसरा हात, कोपरं सरळ, खांदे हातांच्या वर. ५ सेंटिमीटर खोल, ६ च्या वर नाही, मिनिटाला १०० ते १२० वेळा. आरती जलद चालीवर आली की टाळ्या पडतात ती लय धर. दर वेळी छाती पूर्ण वर येऊ दे. २ मिनिटांनी माणूस बदल, कितीही ताकदीचा असला तरी. कडकन आवाज आला तर ती बरगडी असते. थांबायचं नाही, बरगडी जुळते. तोंडाने श्वास द्यायला जमत नसेल तर नुसतं दाबत राहा, मदत येईपर्यंत. गादीच्या गुंडाळीवर सराव करता येतो.

घशात अडकलं आणि माणूस खोकू शकत नाही, बोलू शकत नाही, तर पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या फऱ्यांमधे ५ दणके. नाही निघालं तर मागून कवेत घेऊन बेंबीच्या वर मुठीने ५ वेळा आत आणि वर. आलटून पालटून. वर्षाच्या आतल्या बाळाला पोटावर दाबायचं नाही. हातावर पालथं, डोकं खाली, पाठीवर ५, मग उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या टाचेने ५. तोंडात आंधळेपणाने बोट घालू नका, अडकलेलं आणखी आत जातं.

पावसाळ्याचं एक राहिलं. मीटरच्या पेटीपाशी कुणी चिकटलं तर हात लावायचा नाही, मेन स्विच पाडायचा. तो कुठे आहे हे आठही जणांना अंधारात सापडलं पाहिजे. आणि पायाला साधी चीर असताना तुंबलेल्या पाण्यातून कुणी आलं तर घरी येऊन साबणाने पाय धुवायचे आणि ७२ तासांच्या आत म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात जाऊन लेप्टोची, म्हणजे तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाची, गोळी विचारायची. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला. त्या दिवशी पाण्यातून चालत घरी सुखरूप पोचलेली माणसं पुढच्या दोन आठवड्यांत आमच्याकडे आली, अंगात ताप, डोळे लाल, पोटऱ्यांना हात लावू देत नव्हती. पायाची चीर त्यांच्या लक्षातही नव्हती.

लालबागकर

सिस्टर, काल रविवारी सकाळी गच्चीवर केलं. ४० च्या वर माणसं आली, एवढी मला अपेक्षित नव्हती. आजोबांच्या सांगण्यावरून आधी आठ जणांना सगळ्यांसमोर उभं केलं, म्हणजे हाक कुणाला मारायची ते चेहऱ्याने कळलं. रक्ताची १० मिनिटं घड्याळ लावून केली, बोटं चौथ्या नाही, तिसऱ्याच मिनिटाला थरथरली. खुर्ची तिसऱ्या मजल्यावरून खाली आली, वळणावर मागचा पाय कठड्यात अडकला. तिथली सुताराने बसवलेली फळी आज काढतोय. चपलांचे स्टँड हलले, कुंड्यांवरून अजून बोलणी चालू आहेत. आकडी येणाऱ्या मुलाने स्वतःच उठून सांगितलं, मला चादर पाहिजे आणि गर्दी नको.

भाजल्याचा सराव आईने दाखवला. काकूंना पाटावर बसवलं, टूथपेस्ट आणणाऱ्या त्याच काकू, त्यांच्या हातातल्या बांगड्या साबण लावून उतरवल्या, आणि तांब्याने धार धरली. मधे काकू म्हणाल्या, वहिनी, त्या दिवशी मला माहीत नव्हतं हो. आई म्हणाली, हात हलवू नका, अजून १२ मिनिटं आहेत.

२० मिनिटांना अडीच बादल्या लागल्या. आमच्या पिंपावर तेवढं पाणी मोजून आतून लाल रंगाची रेघ मारलीय. तिच्या खाली पाणी उतरू द्यायचं नाही. आज संध्याकाळी उरलेला रंग घेऊन खालच्या मजल्यावर जातोय.